सात सेकंद

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान, आठ बाय दहा.
पाटीवर: फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर, लॅमिनेशन.
खाली बारीक अक्षरांत: अर्जंट करून मिळेल.
त्या एका शब्दानं घोळ केला.

दहा फुटी फाईल सेव्ह केली की पट्टी सरकायला लागते,
आणि गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघतं,
दूध उतू जाईल का, तसं.
मी मोबाईल लावून मोजलं.
हळदीच्या पेढीनं फुकट दिलेल्या डायरीत लिहिलं:
त्रेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस.
एकदा एकाहत्तर आले,
पण तेव्हा मागं अँटिव्हायरस चालला होता,
ते धरले नाहीत.

तौफिक मुजावर मिरजेहून आला.
डब्याचं झाकण काढलं, फुंकर मारली.
आमच्याकडची धूळसुद्धा पिवळी.
एक खाच भरलेली, एक रिकामी.
मी म्हटलं, हिच्यात वेगातली बसव, बत्तीसशेची.
तो हसला.
"ताई, एक पळणारा बैल आणला
आणि जोडीला हाच ठेवला,
तर जू ह्याच्याच पावलानं जाणार.
दोन्ही बदलले तरी बोर्ड सव्वीसशेच्या वर उठत न्हाई.
बोर्ड बदलायचा तर प्रोसेसर आला.
म्हणजे नवीच बैलगाडी की."
एकूण अठरा हजार चारशे.

माझी फाईल पेनड्राइव्हवर नेऊन
त्याच्या दुकानातल्या नव्या मशिनवर चालवली.
छत्तीस.

म्हणजे सात सेकंद वाचतात.
दिवसाला तीस वेळा सेव्ह, साडेतीन मिनिटं.
वर्षाला तीनशे दिवस, साडेसतरा तास.
तासाला हजाराच्या वर पडले.
माझा तास कधी हजाराला गेला होता?
पाच वर्षं मशिन टिकलं तर मात्र दोनशे दहा.
दोनशे दहा म्हटल्यावर जरा पटायला लागलं.
रात्री भाकरी थापताना पुन्हा फिसकटलं:
ते साडेसतरा तास मला एकत्र कोण देणार?
सात-सात सेकंदांची मोळी बांधता येत नाही.

सोमवारी समडोळीचे नेमगोंडा मगदूम आले.
भावाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स, चार बाय सहा.
फोटो कुणाच्या तरी लग्नातला.
मी फेटा पुसला, मागची रोषणाई पुसली,
खांद्यावर कुणाचा तरी हात होता तोही पुसला.
सेव्ह.
पट्टी अर्ध्यावर असताना ते म्हणाले,
"त्यो हात माझा हाय. ऱ्हाऊ दे."
मी एस्केप दाबलं. हात परत आणला.
पुन्हा त्रेचाळीस.
छत्तीसमध्येही ते बोलले असते,
खोटं कशाला सांगू.
पण पट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं
त्या हाताकडे बघत होतो एवढं खरं.

तौफिक म्हणाला होता,
ही मेमरी कितीही वेगाची घ्या,
लाईट गेली की सगळं विसरते.
माझ्या भिंतीवर एकोणीस सालच्या पुराची रेघ आहे,
खांद्याच्या वर चार बोटं.
दोनदा रंग दिला, तरी ओल येऊन उमटतेच.
ती कितीची, ते मी त्याला विचारलं नाही.

शेवटी फोन केला.
सव्वीसशेचीच, हिच्याच कंपनीची, वापरलेली चालेल.
सोळाशे पन्नास.
त्यानं रिकाम्या खाचेत अंगठ्यानं दाबून बसवली,
खट्.

त्रेचाळीसचे एकोणचाळीस झाले.
डायरीत लिहिलं, खाली रेघ मारली.
तेवढ्यात दारात मोटरसायकल बंद न करताच
एक पोरगा ओरडला,
"वाढदिवसाचा हाय, दहा बाय वीस,
कवा मिळंल?"